घर झोपलेलं असताना रेड कशी चालवायची?

पत्राचा सारांश

पत्र लिहिणारी वाचक एकोणतीस वर्षांची आहे, फलटणजवळ राहते, दिवसा अकाउंट्सचं काम करते. रात्री ती वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या क्लासिक आवृत्तीत प्रीस्टचं पात्र खेळते, हीलर म्हणून, म्हणजे इतरांना बरं करणारी. गट दहा जणांचा, सर्व्हर युरोपातला. चौघं मराठी, बाकीचे पोर्तुगाल, पोलंड आणि जर्मनीतले. दर गुरुवारी सगळे मिळून कराझानला रेडवर जातात, म्हणजे गटाने तिथले मोठे शत्रू, 'बॉस', मारायला. सर्व्हरच्या घड्याळात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिच्या घरी हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात.

दोन वर्षं रेड चालवणाऱ्या 'दादा'ला नुकतंच बाळ झालं. निरोप घेताना त्याने सगळ्यांसमोर हिचं नाव घेतलं आणि हिला नाही म्हणता आलं नाही. पहिल्याच गुरुवारी तिथल्या शेड ऑफ एरन या बॉसवर गट पाच वेळा वाइप झाला, म्हणजे सगळेच्या सगळे मेले. तिसऱ्या वाइपनंतर गटातल्या वॉरियरने माइक हातात घेतला आणि तोच सूचना देऊ लागला. पाचव्यानंतर ती लॉग आउट करून अंधारात रडत बसली.

ती विचारते: "दादा ओरडायचा आणि लोक ऐकायचे. माझा आवाज चढत नाही, आणि चढवायचा म्हटलं तरी पलीकडच्या खोलीत आई-बाबा झोपलेले असतात. बोलताना इंग्रजी अडखळतं. शिवाय मी हीलर, मला सगळ्यांचा जीव दाखवणाऱ्या पट्ट्यांपलीकडचं काही दिसत नाही. मी हे काम सोडावं का?"

उत्तर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सोडायचं की धरायचं याकडे येऊच, पण तुमच्या पत्रातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाहीये. 'फ्लेम रेथ आलं तेव्हा मी डोन्ट मूव्ह, डोन्ट मूव्ह म्हणत होते, तरी दोघं हललेच.' सुरुवात तिथूनच करू या.

ज्या वाचकांना ही लढाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कराझान हा दहा जणांचा रेड. जानेवारी २००७ मध्ये बर्निंग क्रुसेड या विस्तारित भागाबरोबर पहिल्यांदा आला आणि २०२१ मध्ये क्लासिकमधून पुन्हा लोकांच्या हाती लागला. त्यातला शेड ऑफ एरन हा एका गोल खोलीतला जादूगार आहे. ठरावीक वेळाने तो तीनपैकी एक मोठी चाल करतो, आणि कुठली करेल ते आधी कळत नाही. एका चालीत, म्हणजे फ्लेम रेथमध्ये, काही जणांभोवती आगीची कडी उमटतात. वीसेक सेकंद कोणी हलायचं नाही. एकाने जरी कडं ओलांडलं तरी स्फोट होऊन सगळे हवेत उडतात. दुसऱ्या चालीत तो सगळ्यांना खोलीच्या मधोमध ओढतो, पाय जड करतो आणि मोठा स्फोट तयार करायला लागतो. तेव्हा तडक भिंतीकडे पळायचं. तिसरीत बर्फाचं वादळ खोलीभर फिरतं आणि त्याच्या पुढून सरकत राहायचं. म्हणजे एका चालीत पाऊल टाकलं की मरण, दुसरीत उभं राहिलं की मरण.

आता तुमचे शब्द बघा. हलायचं असेल तेव्हा तुम्ही 'मूव्ह' म्हणत होता, थांबायचं असेल तेव्हा 'डोन्ट मूव्ह'. तुमचं पिंग (सर्व्हरशी बोलणं पोचायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या पुढे, आवाज मध्येच तुटतो, हे तुम्हीच लिहिलंय. पलीकडे पोलंडमधला माणूस हेडफोनमध्ये स्फोटांचे आवाज ऐकतोय आणि तुमच्या वाक्यातलं 'डोन्ट' गळून पडतंय. त्याच्या कानात उरतंय फक्त 'मूव्ह'. तो हलला, कारण त्याने तुमचं ऐकलं. जे दोघं हलले त्यांना तुम्ही आज्ञा न मानणारे समजलात. मला वाटतं, त्या रात्री सगळ्यात मनापासून तुमचं ऐकणारे तेच दोघं होते.

म्हणून पहिला बदल शब्दांचा. दोन उलट्या सूचनांमध्ये एकही अक्षर सारखं ऐकू येता कामा नये. थांबण्यासाठी 'फ्रीज', पळण्यासाठी 'वॉल', वादळासाठी 'स्नो'. एकेक शब्द, एकदाच. दोनदा म्हणायचाच तर मध्ये श्वास घ्या. चाल संपली की 'क्लिअर' म्हणायला विसरू नका. निम्मे अपघात चाल संपली असं वाटून आधीच पाय उचलल्याने होतात. हे चार शब्द पुलच्या, म्हणजे लढाई सुरू करण्याच्या, आधी चॅटमध्ये लिहा आणि प्रत्येकाला चॅटमध्ये 'ओके' टाकायला लावा.

इंग्रजीची काळजीही इथेच बरीचशी मिटते. रेड चालवायला वीसेक शब्दांचं इंग्रजी पुरतं, आणि ते वीस शब्द तुम्हाला आताही येतात. तुमच्या गटातल्या पोर्तुगीज आणि पोलिश मंडळींचीही इंग्रजी ही मातृभाषा नाही. लांबलचक, सफाईदार वाक्यं त्यांनाही लढाईच्या मध्यात झेपत नाहीत. तुम्ही अडखळता म्हणून तुम्हाला कमी शब्दांत बोलावं लागेल, आणि त्याचा त्यांना फायदाच होईल.

आता आवाज चढवण्याबद्दल. तुमच्या मनात रेड लीडरचं एक चित्र पक्कं आहे: माइकवर गरजणारा माणूस. ते कुठून आलं हे मला माहीत आहे, कारण माझ्याही मनात ते वर्षानुवर्षं होतं. ऑनिक्सिया या ड्रॅगनच्या लढाईतली एका रेड लीडरची जुनी ध्वनिफीत आहे. दोन्ही बाजूंनी ड्रॅगनची पिल्लं येताहेत, तो बेंबीच्या देठापासून ओरडतोय आणि चुकणाऱ्याचे पन्नास डीकेपी कापतोय. डीकेपी म्हणजे लूट वाटण्यासाठी ठेवलेल्या गुणांची पद्धत. ती एव्हरक्वेस्ट या त्याहून जुन्या खेळातून, १९९९ च्या सुमाराला आली आणि तिथले ड्रॅगन मारण्यावरून तिला नाव पडलं. ती ध्वनिफीत जवळपास वीस वर्षं हातोहात फिरतेय. लोक हसतात, पण नकळत शिकतातही की रेड अशीच चालवायची असते. तेव्हाच्या रेडमध्ये चाळीस माणसं असत. चाळीसांच्या गोंगाटात ओरडण्याला काही कारण तरी होतं. तुमच्याकडे दहा आहेत.

दादाचं ओरडणं चालत होतं असं तुम्ही म्हणता. मी तुम्हाला विचारते, दादा ओरडायचा तेव्हा लोक नेमकं कशाला प्रतिसाद द्यायचे? दोन वर्षं तीच माणसं, त्याच खोल्या, तेच बॉस. कोणी कुठे उभं राहायचं हे सगळ्यांना पाठ झालं होतं. त्याने तोंडातून शब्द न काढता नुसती घंटा वाजवली असती तरी ते भिंतीकडे पळाले असते. तुम्ही आलात त्या गुरुवारी दादा नव्हता, त्याच्या जागी नवीन टँक (बॉसचा मार अंगावर घेणारा) होता आणि एक मेज (जादूगार) बाहेरून घेतलेला होता, असं तुम्हीच लिहिलंय. दहातली दोन माणसं बदलली की गट नवा होतो. पाच वाइपांतले निदान तीन तरी मी या बदलाच्या खात्यावर टाकीन.

ओरडण्याची किंमत मला ठाऊक आहे. २००८ साली मी रेड चालवत होते तेव्हा याच एरनच्या खोलीत, याच कड्यात नागपूरचा एक मुलगा हलला. आम्ही त्या रात्री सहाव्यांदा मेलो होतो. मी माइकवर त्याचं नाव घेऊन विचारलं, तुला साधं उभं राहता येत नाही का? तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की त्याने बोट कधीच उचललं होतं, नेट अडखळल्याने त्याचं पात्र दोन पावलं पुढे सरकत गेलं. मी माफी मागितली, त्याने 'काही हरकत नाही ताई' असं लिहिलं, आणि तो पुन्हा कधी आमच्याबरोबर आला नाही. तो फार चांगला मेज होता. पण त्याहून जास्त मला आठवतं ते हे, की त्यानंतर कितीतरी आठवडे आमच्या गटात कोणी स्वतःची चूक कबूल करत नव्हतं. वाइप झाला की माइकवर शांतता. चूक कळल्याशिवाय ती दुरुस्त कशी होणार?

तेव्हा आई-बाबा पलीकडे झोपलेत, हे तुमच्या पत्रात अडचण म्हणून आलंय, पण मी त्याच्याकडे एक चांगली मर्यादा म्हणून बघते. तुम्हाला कुजबुजल्यासारखंच बोलावं लागणार. मग जे बोलायचं ते आधी तयार करा. रेड वॉर्निंग ही सोय तुम्ही वापरत नाही असं दिसतं. लीडरने किंवा असिस्टंटने ती वापरली की ठळक अक्षरं सगळ्यांच्या पडद्यावर मधोमध उमटतात आणि आवाजही होतो. तिचे मॅक्रो, म्हणजे एका बटणावर बसवलेल्या तयार आज्ञा, करून ठेवा. एका मॅक्रोत २५५ अक्षरं मावतात, तुम्हाला एक शब्द पुरे. 'फ्रीज' एका बटणावर, 'वॉल' दुसऱ्या. तोंडाने हळू म्हणा, बोटाने बटण दाबा. ज्याच्या हेडफोनमध्ये आवाज तुटला त्याला अक्षरं दिसतील. पुलच्या आधी रेडी चेक (सगळे तयार आहेत का हे विचारणारी सोय), मग दहा सेकंदांची उलटी गणती. ती तर ॲडऑनच, म्हणजे खेळाला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअरच, करतं.

तुमच्या गावावरून दरवर्षी ज्ञानोबांची पालखी जाते, तुम्ही लहानपणापासून मुक्कामाची समाजआरती बघत आलात असं लिहिलंय, म्हणून आठवण करून देते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला चोप वर धरतो आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. मग तिथे जाऊन तक्रार ऐकली जाते, मिटवली जाते आणि आरती होते. एवढ्या माणसांत एक खूण पुरते, कारण त्या खुणेचा अर्थ सगळ्यांनी आधीच मान्य केलेला आहे आणि तक्रारीलाही जागा ठेवलेली आहे. तुमच्या दहा जणांना मी याहून वेगळं काही सुचवत नाही.

आता वॉरियर. तुमचं मन त्यानेच सगळ्यात जास्त दुखावलंय, हे ओळी-ओळीतून दिसतं. तुम्ही मानून चालला आहात की त्याला तुमची जागा हवी आहे. असेलही. पण ही लढाई आठवून पाहा: एरनला टँक लागतच नाही. तो कुणा एकावर चिकटून राहत नाही, मनाला येईल त्याच्यावर जादू फेकतो. म्हणजे त्या खोलीत शिरल्याबरोबर तुमचा वॉरियर बिनकामाचा झाला. इतर नऊ जण मरताहेत आणि हा रिकाम्या हातांनी बघतोय. अशा माणसाच्या तोंडून सूचना निघणारच.

त्याला खाजगीत गाठा, पुढच्या गुरुवारच्या आधी, रेडच्या वेळी अजिबात नको. चार मराठी माणसांपैकी तो एक आहे, म्हणजे बोलणं सोपं. 'तू माइक का घेतलास' असं विचारू नका. असं म्हणा: 'एरनच्या जादू मध्येच तोडायची जबाबदारी तू घेशील का? तू, रोगचं पात्र खेळणारा आणि शमनचं पात्र खेळणारा, तिघांचा क्रम तूच ठरव आणि मला कळव.' एरनचे फायरबॉल-फ्रॉस्टबोल्ट मध्येच तोडता येतात आणि ते नीट तोडले गेले तर तुमच्या हीलिंगवरचा ताण बराच कमी होतो. हे खोटं काम नाही, खरंच कोणीतरी करायला हवंय. आणि मग दुसरं वाक्य, तेवढ्याच शांतपणे: 'लढाई चालू असताना हाका एकाच माणसाने द्यायच्या, नाहीतर लोक गोंधळतात. वाइपनंतर तुझं म्हणणं मी सगळ्यात आधी ऐकेन.' हे वचन दिलंत तर पाळा. वाइप झाला की त्याचं नाव घेऊन विचारा, तुला काय दिसलं?

एवढं करूनही तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तुमच्यावरून बोललाच, तर त्याला रेडपुरतं म्यूट करा आणि नंतर कारण सांगा. ते करण्याचा अधिकार तुम्हाला आहे. एकदा सांगितलेल्या माणसाशी दहाव्यांदा गोड बोलत राहणं बाकीच्या आठ जणांवर अन्याय आहे.

तुम्ही हीलर आहात म्हणून लीडर होऊ शकत नाही, ही समजूत मला पार चुकीची वाटते, आणि ती खूप जणांची असते म्हणून इथे जरा थांबते. टँक पुढे असतो, वेग ठरवतो, त्यामुळे तो लीडर असला की सोयीचं पडतं, हे खरं. पण लढाईत पहिला माणूस कधी आणि कशाने मेला हे टँकला कळत नाही. त्याच्या तोंडासमोर बॉसचे गुडघे असतात. ते तुम्हाला कळतं. सगळ्यांच्या पट्ट्या तुमच्यासमोर असतात, कोणाची पट्टी एकदम खाली आली आणि कोणाची हळूहळू गळत गेली हे तुम्ही बघितलेलं असतं. आणि बहुतेक वाइपांचं मूळ पहिल्या मरणात असतं. नंतरची नऊ मरणं त्याचाच परिणाम. दादाने तुमचं नाव का घेतलं हे मला माहीत नाही, पण माझा अंदाज हा आहे की दर वाइपनंतर 'पहिला कोण गेला?' असं तो तुम्हालाच विचारत असणार. आठवून बघा.

तुम्हाला जमीन दिसत नाही हेही खरं आहे, म्हणून ती बघण्याचं काम वाटून टाका. मोरोज या बॉसच्या लढाईत चार पाहुणे सोबत येतात, आणि सहापैकी कुठले चार हे दर आठवड्याला बदलतं. ते भूतयोनीतले असल्याने प्रीस्ट म्हणून तुम्ही त्यातला एक शॅकलने बांधणारच. कवटीची खूण कोणावर, फुली कोणावर, चंद्र कोणावर हे ठरवायला हंटरला सांगा, तो लांब उभा असतो आणि सगळं चित्र त्याला दिसतं. नेदरस्पाइट या बॉसवर तर वाटणीशिवाय गत्यंतर नाही. लाल किरण टँकने झेलायचा, हिरवा हीलरने, निळा नुकसान करणाऱ्याने, आणि एका माणसाला तो किरण फार वेळ धरता येत नाही, सोडला की काही काळ परत घेता येत नाही. तिथे प्रत्येक रंगाला एक मुकादम नेमा. लालवाले आपसांत ठरवतील, निळेवाले आपसांत. तुम्ही फक्त हिरव्याचं बघा. अशा तीन-चार जबाबदाऱ्या वाटल्यात की लक्षात येईल, लीडरने एकट्याने वाहायचं ओझं आपण समजत होतो त्यापेक्षा बरंच कमी आहे.

वाइपनंतरची तीन मिनिटं हा माझ्या मते तुमच्या कामाचा खरा भाग. सगळे कबरस्तानातून पळत परत येताहेत, कोणी पाणी आणायला उठलंय, कोणी चिडलंय. तेव्हा सात चुका सांगायचा मोह होतो, कारण सातही खऱ्या असतात. एकच सांगा. पहिला मृत्यू कशाने झाला तेवढंच घ्या आणि पुढच्या पुलला फक्त तेवढंच बदला. 'आता सगळ्यांनी फक्त फ्रीजकडे लक्ष द्या, नुकसान कमी झालं तरी चालेल.' बाकी सहा चुका वहीत लिहून ठेवा. लढाईचा लॉग (नोंदी) जरूर काढा, दुसऱ्या दिवशी शांतपणे बघा, पण कोणाचा आकडा सगळ्यांसमोर वाचू नका. ज्याचा आकडा कमी आलाय त्याला खाजगीत विचारा. कदाचित तो एकटाच सूचना पाळण्यासाठी हात थांबवत असेल.

पाच वाइपांची लाज वाटते असं तुम्ही लिहिलंय. २०१७ मध्ये टूम ऑफ सार्जेरस या रेडचा शेवटचा बॉस किल'जेडन मिथिक या सर्वांत अवघड पातळीवर जगात पहिल्यांदा पडला, तेव्हा तो पाडणाऱ्या मेथड या गिल्डला (खेळाडूंच्या संघाला) ६५४ प्रयत्न लागले होते. ती माणसं जगातली सर्वोत्तम होती आणि दिवसचे दिवस तेच करत होती. तुमचा एरन त्या तोडीचा नाही, हे मान्य. पण पाच हा आकडा अजून मोजायलाही घेऊ नये असा आहे.

लुटीबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी हा प्रश्न येणार आहे. क्युरेटर या बॉसकडून हातमोज्यांचं जे टोकन पडतं, त्यातलं एक वॉरियर, प्रीस्ट आणि ड्रुइड यांना मिळून असतं. म्हणजे तुम्ही आणि तुमचा तो वॉरियर एकाच वस्तूकडे बघणार, आणि वाटप तुमच्या हातात. नियम पहिल्या पुलच्या आधी चॅटमध्ये लिहा: रोल (फासे टाकून ठरवणं) असेल तर रोल, सॉफ्ट रिझर्व्ह (हवी ती वस्तू आधीच नोंदवणं) असेल तर तसं. निदान पहिला महिनाभर त्या टोकनवर तुम्ही मागे राहिलात तर मला आवडेल. सक्ती नाही, पण त्या हातमोज्यांपेक्षा गटाचा विश्वास तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

पत्राच्या शेवटी कंसात तुम्ही एक वाक्य लिहिलंय: बाहेरून घेतलेल्या मेजने 'मुलगी लीड करणार का' असं चॅटमध्ये टाकलं. ते कंसात टाकण्यासारखं नव्हतं. असा माणूस पुन्हा आला तर उत्तर देत बसू नका, गटातून काढा आणि उरलेल्या नऊ जणांनीच पुढे जा. कराझान नऊ जणांतही चालतं. तुमच्या जुन्या माणसांपैकी कोणी त्या वेळी काही बोललं का, हे मात्र मला जाणून घ्यायचंय. कोणीच बोललं नसेल तर वॉरियरशी बोलताना हेही बोला. त्याने तेव्हा तोंड उघडायला हवं होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. सोडावं का?

तुम्ही कारणं दिलीत ती आवाजाची, इंग्रजीची, हीलर असण्याची. या तिन्हींवरून मी तुम्हाला सोडायला सांगणार नाही. पण एक कारण तुम्ही दिलंच नाहीत, आणि मला तेच खरं वाटतं. साडेबाराला सुरू झालेली रेड साडेतीनला संपते. सकाळी दहाला तुम्हाला ऑफिसात बसून आकडे जुळवायचे असतात. खेळाडू म्हणून तुम्ही एखादा गुरुवार चुकवू शकत होता, लीडर म्हणून चुकवता येणार नाही. घरात 'रात्री कोणाशी बोलत असतेस' हा प्रश्न आजवर आला नसेल तर आता येईल. तो येण्याआधी तुम्हीच आईला एकदा शेजारी बसवून पडदा दाखवा, हे दहा जण कोण आहेत, आपण काय करतो ते सांगा. मी माझ्या आईला दाखवलं होतं. तिला ड्रॅगनमध्ये रस नव्हता, पण तो पोलंडचा मुलगा जेवला का हे ती पुढे दर आठवड्याला विचारायची.

वेळ बदलून मागा. हे मागायला लीडरला संकोच वाटू नये. सर्व्हरच्या सातला सुरू केलंत तर हिवाळ्यात साडेअकरा होतात, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासाने पुढे गेली की साडेदहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती परत मागे येतात, तेव्हा सगळ्यांना आधी आठवण करून द्या. दरवर्षी कोणीतरी तासभर आधी येऊन बसतं. पोर्तुगालचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे आहे, तिथल्यांना ऑफिसातून घरी पोहोचायला जमतं का ते विचारा. तेही जमत नसेल तर रात्र दोन भागांत तोडा. कराझानमध्ये मेलेले बॉस बुधवारच्या रीसेटपर्यंत मेलेलेच राहतात. गुरुवारी दीड तासात क्युरेटरपर्यंत जा आणि थांबा. एरन, नेदरस्पाइट, प्रिन्स रविवारी, दुसऱ्या दिवशी कोणाला सुट्टी आहे ते बघून. थकलेल्या मेंदूने एरनवर पाचदा मरण्यापेक्षा ताज्या मेंदूने दोनदा मेलेलं बरं.

हे कशानेच बसत नसेल, झोपेचं गणित जुळतच नसेल, तर नाही म्हणा. दादाने सगळ्यांसमोर नाव घेतलं म्हणून तुम्ही बांधील होत नाही. त्याने तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, आणि हे त्याला सांगितलंत तरी चालेल. आणखी एक वाट म्हणजे दोघांनी मिळून चालवणं: हाका एकाने द्यायच्या, आमंत्रणं-लूट-वेळापत्रक दुसऱ्याने बघायचं. खूप गट असेच टिकतात. पण कोण काय करणार हे लिहून ठेवलं नाही तर दोघंही दमतात आणि दोघांनाही वाटतं की समोरचा करेल.

मला विचाराल तर चार गुरुवार घ्या. गटाला तसं स्पष्ट सांगा: 'मी चार आठवडे करून बघते, मग आपण सगळे बसून ठरवू.' मुदत ठरली की तुमची छातीतली धडधड कमी होईल आणि त्यांनाही थोडा धीर धरता येईल. त्या रात्री तुम्ही न सांगता लॉग आउट केलंत, त्याबद्दल एक ओळ गटाला लिहा. मोठी माफी नको. 'त्या दिवशी मी न सांगता गेले, चुकलं. या गुरुवारी चार नवे शब्द घेऊन येतेय.' एवढं पुरे. पाचव्या वाइपनंतर ते नऊ जणही आपापल्या खोलीत एकेकटेच बसलेले होते, आणि तुम्ही परत याल की नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं.

गुरुवारी आत शिरण्याआधी मॅक्रो एकदा रिकाम्या खोलीत दाबून बघा. पाण्याची बाटली जवळ ठेवा. आणि एरन पडला की मला कळवा. नाही पडला तरी कळवा, फक्त त्या वेळी पहिला कोण गेला आणि कशाने, एवढं लिहा.